भाषा येत नाही, तरी निघू का?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, की तिथली भाषा न येता परदेशी कामाला जायचं ज्यांच्या मनात आहे, किंवा जे आधीच जाऊन बसले आहेत, त्यांनी आपले प्रश्न पाठवावेत. बहुतेक पत्रं जर्मनीबद्दलच आली, आणि त्याचं मला नवल नाही. महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांचा कुशल मनुष्यबळाचा करार फेब्रुवारी 2024 मध्ये झाल्यापासून मिरजेतल्या माझ्या चुलत भावंडांचेही फोन वाढले आहेत.

माझी ओळख थोडक्यात. श्टुटगार्टजवळच्या एस्लिंगेनला राहते, यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात पगारपत्रकं बघते. वकील नाही, एजंट तर नाहीच नाही. खाली दिलेले रकमांचे आकडे 2025 सालचे आहेत. यातले बरेचसे दर जानेवारीला बदलतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा.

प्रश्न : मी 27 वर्षांचा, मूळ गाव कराडजवळ. मेकॅनिकल डिप्लोमा. चाकणला सहा वर्षं व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर) आहे, आधी ऑपरेटर होतो, आता सेटर-प्रोग्रॅमर. एका व्हिडिओत पाहिलं की चान्सेनकार्टे काढलं की जर्मनीत जाऊन नोकरी शोधता येते आणि इंग्रजी पुरतं. इंग्रजी वाचतो, बोलताना अडखळतो. बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये जर्मनचा क्लास जमत नाही. तिथं गेल्यावर शिकेन म्हणतो. निघू का? — रा. प., चाकण

उत्तर : एवढ्यात नको. पण व्हिडिओवाला सगळंच खोटं बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चान्सेनकार्टे 1 जून 2024 पासून सुरू झालं. आपल्या देशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी हवी, आणि भाषेत एकतर जर्मन ए-वन किंवा इंग्रजी बी-टू (पातळ्या खालून वर अशा : ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन). एवढं झालं की उंबरठा ओलांडला. त्यापुढे सहा गुण जमवायचे. तुमचे मोजू. वय पस्तिशीच्या आत, दोन गुण. गेल्या सात वर्षांत शिक्षणाशी जुळणाऱ्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव, तीन गुण. झाले पाच. सहावा कुठून आणणार? इंग्रजीचा गुण सी-वनला मिळतो, बी-टूला नाही. बोलताना अडखळणाऱ्या माणसाला सी-वन म्हणजे मोठा डोंगर आहे. जर्मन ए-टू केलंत तर एक गुण, बी-वनला दोन. म्हणजे जी भाषा चुकवायला तुम्ही हे कार्ड काढताय, तीच तुमच्यासाठी त्यातला सर्वात सोपा गुण आहे. तुमचा डिप्लोमा टंचाईच्या व्यवसायांच्या यादीत बसला तर एक गुण वेगळा मिळू शकतो, पण त्या भरवशावर बॅग भरू नका.

आता पैशाचं. हे कार्ड म्हणजे नोकरी नव्हे, नोकरी शोधायची परवानगी. जास्तीत जास्त एक वर्षाची. त्या वर्षाच्या खर्चासाठी महिन्याला 1,091 युरो या हिशोबाने पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. वर्षाचे झाले 13,092 युरो, म्हणजे सुमारे 13 लाख रुपये. तिथे आठवड्याला वीस तासांपर्यंत कुठलंही काम करता येतं, आणि एखाद्या कारखान्यात दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून उभं राहून दाखवता येतं. ही चाचणीची सोय मला फार आवडते, कारण सेटरचं काम हातातच दिसतं. पण शेत गहाण टाकून तेरा लाख उभे करणार असाल तर एक वर्ष फार पटकन संपतं.

व्हिडिओत न सांगितलेले दोन रस्ते आहेत. एक, अनुभवाच्या जोरावर थेट नोकरीचा व्हिसा. आपल्याकडे मान्य असलेला किमान दोन वर्षांचा कोर्स, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव, आणि वर्षाला 43,470 युरो (2025 चा आकडा) ढोबळ, म्हणजे कपातीआधीचा, पगार देणारं नियुक्तिपत्र. कारखाना कामगार संघटनेच्या वेतनकराराला बांधलेला असेल तर त्या करारातला पगार चालतो. यात डिप्लोमाची जर्मन मान्यता लागत नाही, आणि कायदा भाषेची अटही घालत नाही. कायदा घालत नाही, मालक घालतो. नवख्या सेटरला एवढा पगार द्यायचा आणि वर त्याला दुभाष्या द्यायचा, हे छोट्या मालकाला परवडत नाही.

दुसरा रस्ता मान्यता-भागीदारीचा, आनेरकेनुंग्जपार्टनरशाफ्ट. मालक आधी तुम्हाला कामावर घेतो आणि मग दोघं मिळून तुमच्या डिप्लोमाला जर्मन व्यवसायाची मान्यता मिळवता. तुमच्या कामाला तिकडे त्सेरश्पानुंग्जमेखानिकर म्हणतात, साडेतीन वर्षांचं शिक्षण आहे त्याचं. अर्ज न्युर्नबर्गच्या आयएचके फोसा या कार्यालयाकडे जातो. या रस्त्यालाही ए-टू लागतंच. माझ्या मते तुमच्यासाठी हाच बरा. उशिरा पोचाल, पण पगारावर पोचाल.

आता शॉपफ्लोअरचं. भाषा लागेल का, हे ठरवायची माझी एकच रीत आहे. त्या कामात दिवसभरात तुम्हाला कोणाकोणाशी बोलावं लागतं, ते मोजायचं. तुम्ही म्हणाल, सेटर मशीनशी बोलतो. खरंय. मशीनला आज्ञा द्यायचा जी-कोड तोच, ड्रॉइंगचं प्रोजेक्शन दोन्हीकडे फर्स्ट अँगल, कंट्रोल सिमेन्सचा असो की हायडेनहाइनचा, स्क्रीनची भाषा बदलून घेता येते. पण स्पिंडलचा आवाज बदलला तर मेंटेनन्सला कळवायचं असतं. शिफ्ट बदलताना कुठलं टूल घासलंय, कुठला ऑफसेट दिलाय, हे पुढच्याला सांगायचं असतं, आणि तो पुढचा श्वेबिश या इथल्या बोलीत बोलतो, जी बर्लिनच्या माणसालाही नीट कळत नाही. ड्रॉइंगवर 12,5 लिहिलेलं दिसेल, तो साडेबारा मिलिमीटर आहे, कारण तिकडे दशांशाला स्वल्पविराम देतात. हे एका दिवसात कळतं. सुरक्षेची माहिती वर्षातून निदान एकदा द्यावी, असा नियम आहे आणि ती कामगाराला समजेल अशी द्यावी लागते. ज्याला ती कळत नाही त्याला मशीनपाशी उभं करायला फोरमन कचरतो. मग असा माणूस पॅकिंगला जातो, आणि सहा वर्षं सेटिंग केलेल्याने पॅकिंगला जाऊ नये.

तिथं गेल्यावर शिकेन, हे वाक्य मी फार ऐकते. पहिल्या वर्षात घर शोधणं, पत्त्याची नोंदणी, बँक, विमा, आणि नव्या कामाची धास्ती असते. सहा महिन्यांपर्यंतचा परीक्षाकाळ असतो, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. अशा वेळी संध्याकाळी साडेसहाला क्लासला जाऊन बसणारे मी पाहिलेत, पण ते ए-टू करून आलेले असतात. कोरे आलेले लोक हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्यांची खोली शोधतात, आणि मग तीच त्यांची जर्मनी होते.

तेव्हा चाकण सोडू नका. पुण्याच्या माक्स म्युलर भवनात किंवा एखाद्या बऱ्या शिक्षकाकडे शनिवार-रविवारची बॅच लावा. ऑनलाइन असली तरी चालेल, पण परीक्षा मान्यताप्राप्त संस्थेचीच द्या. दर दोन-तीन महिन्यांनी शिफ्ट आडवी येईल, बॅच बुडेल, पुन्हा पकडा. ए-टू हातात आलं की अर्ज टाकायला लागा, आणि फक्त मोठ्या नावांच्या कंपन्यांना नको. टुटलिंगेन हे गाव नकाशावर शोधा. शस्त्रक्रियेची उपकरणं करणाऱ्या कंपन्यांची तिथे दाटी आहे, आणि त्यांना बारीक टॉलरन्सवर काम करणारा माणूस हवा असतो. अर्जात नुसतं 'सहा वर्षं अनुभव' लिहू नका. कुठलं मशीन, किती अक्षांचं, कुठला कंट्रोल, किती मायक्रॉनपर्यंतचं काम, ते लिहा. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत आधी तेच वाचतात.

प्रश्न : मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाली आहे, लातूरला खासगी दवाखान्यात दोन वर्षं काम करते. एक एजंट म्हणतो, सहा लाख भरा, जर्मन भाषा तिथे गेल्यावर रुग्णालय मोफत शिकवतं. मूळ प्रमाणपत्रं त्याच्याकडे ठेवायची आहेत. एक जर्मन भाषेतला करार सही करायला दिला आहे. पत्नी म्हणते संधी सोडू नका. — एक पालक, लातूर

उत्तर : मूळ प्रमाणपत्रं आजच परत घ्या. पुढचं नंतर वाचा.

परिचारिकेच्या बाबतीत भाषेला पळवाट नाही. हा नियमन असलेला व्यवसाय आहे. राज्याच्या अधिकाऱ्यांकडून मान्यता मिळाल्याशिवाय तिला परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि मान्यतेला साधारणपणे जर्मन बी-टू लागतं. जीएनएमचा अभ्यासक्रम आणि तिथला अभ्यासक्रम ताडून पाहतात, जे कमी भरतं त्यासाठी पूरक प्रशिक्षण किंवा ज्ञानपरीक्षा देतात. तोवर ती मदतनीस म्हणून वॉर्डात राबते, मदतनीसाच्या पगारावर. आणि माझी ती मोजणी इथे करून बघा. परिचारिकेला दिवसभरात कोणाकोणाशी बोलावं लागतं? ऐंशीच्या पुढचे रुग्ण, कवळी काढून ठेवलेले, अर्धवट झोपेत बोलणारे. कुठे दुखतंय ते त्यांना इंग्रजीत सांगता येणार नाही. डॉक्टरांचा फोनवरचा तोंडी आदेश, औषधाचं प्रमाण, पुढच्या पाळीला लिहून ठेवायची नोंद. माझ्या ओळखीच्या केरळच्या एक सिस्टर आहेत, साठच्या दशकात चर्चमार्फत ज्या मुली जर्मनीत आल्या त्या पिढीतल्या. त्या म्हणतात, सुई टोचायला त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही, रुग्णाला धीर द्यायला मात्र शिकावं लागलं.

रोज वर्गात बसलं तर शून्यापासून बी-टूपर्यंत साधारण एक वर्ष धरा. ते वर्ष लातूरला, नांदेडला किंवा पुण्याला काढलेलं बरं. घरचं जेवण असतं आणि नापास झाली तर पुन्हा परीक्षा देता येते. तिकडे नापास झाली तर व्हिसाची मुदत संपत चाललेली असते.

एजंटबद्दल. आपल्या 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याकडे परवाना लागतो, आणि सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. सहा लाख कुठल्या हिशोबात बसतात ते त्यालाच विचारा. परवाना खरा की खोटा हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं. दुसरीकडे, परिचारिकांच्या भरतीत जर्मनीतलं चांगलं रुग्णालय खर्च स्वतः उचलतं. केरळ सरकारची नोर्का ही संस्था आणि जर्मनीची रोजगार संस्था यांचा 'ट्रिपल विन' नावाचा कार्यक्रम आहे. त्यात परिचारिकेकडून भरतीचे पैसे घेत नाहीत, भाषा आधी भारतातच शिकवतात आणि मग पाठवतात. त्याची रचना एकदा वाचा म्हणजे तुमच्या एजंटचं वेगळेपण दिसेल.

तो जर्मन करार सही करू नका. जर्मन-मराठी किंवा जर्मन-इंग्रजी जाणणाऱ्या, एजंटशी संबंध नसलेल्या माणसाकडून आधी वाचून घ्या. मुख्यतः एक कलम शोधायला सांगा : अमुक वर्षांच्या आत नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यायचे. हे कलम असू शकतं, पण तो आकडा कितीचा आणि दरवर्षी कमी होत जातो की नाही, ते महत्त्वाचं. आणि हो, तुमच्या पत्रात मुलीला काय वाटतं ते कुठेच नाही. तिला विचारलंत का?

प्रश्न : साडेतीन वर्षं बर्लिनमध्ये बॅकएंड डेव्हलपर आहे. ऑफिसची भाषा इंग्रजी, त्यामुळे जर्मन शिकलोच नाही. परवा एचआरने व्हिडिओ कॉलवर बोलावून सांगितलं की पद रद्द होतंय, आणि एक कागद पाठवला, शुक्रवारपर्यंत सही करा म्हणाले. तीन महिन्यांचा पगार देतायत. ब्ल्यू कार्ड (उच्चशिक्षितांना नोकरीवर मिळणारा वास्तव्याचा परवाना) आहे. परत जावं लागेल का? — स. जो., बर्लिन

उत्तर : तो कागद बहुधा आउफहेबुंग्जफरट्राग असणार, म्हणजे दोघांच्या संमतीने नोकरी संपवायचा करार. शुक्रवार त्यांचा आहे, तुमचा नाही. अशा करारावर सही केली तर बेरोजगार भत्त्यावर बारा आठवड्यांची बंदी येऊ शकते, कारण कागदोपत्री तुम्ही स्वतःहून सोडलीत असं दिसतं. तीन महिन्यांचा पगार चांगला वाटतो, पण त्यातला बराचसा ही बंदी आणि नोटिशीचा काळ यातच जिरतो. आधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. पहिल्या भेटीचे पैसे पडतील, ते द्या. बर्लिनमध्ये इंग्रजी बोलणारे वकील मिळतात.

तुम्ही सही केली नाही तर त्यांना रीतसर नोटीस द्यावी लागेल, आणि ती कागदावर, शाईच्या सहीने. ईमेलने दिलेली नोटीस जर्मन कायद्यात चालत नाही. ती हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावता येतो, त्यानंतर नाही. न्यायालयाच्या अर्ज खिडकीवर दावा लिहून घेतात, वकील लागतोच असं नाही. पण तिथला माणूस जर्मन बोलेल, त्यामुळे सोबत कोणीतरी न्या. कंपनीत दहापेक्षा जास्त लोक असतील आणि तुम्हाला सहा महिने झालेले असतील, तर कंपनीला सबळ कारण दाखवावं लागतं. बहुतेक प्रकरणं तडजोडीत मिटतात, आणि बऱ्याचदा तो आकडा पहिल्या कागदापेक्षा बरा असतो.

बाकी कामं तारखेची आहेत. नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयात 'काम शोधतोय' म्हणून नोंद करा, नोटिशीचा काळ तीन महिन्यांपेक्षा मोठा असेल तर शेवटच्या दिवसाच्या तीन महिने आधी. ऑनलाइन होतं. नोकरी गेल्याचं परदेशी नागरिक कार्यालयालाही दोन आठवड्यांत कळवायचं असतं, बर्लिनमध्ये त्या कार्यालयाला एलईए म्हणतात. गेल्या तीस महिन्यांत बारा महिने विम्याची वर्गणी भरलेली असली की भत्ता मिळतो, आधीच्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के. हा भत्ता तुमच्या वर्गणीतून आलेला आहे, लाजायचं कारण नाही. आपल्या लोकांमध्ये ही लाज फार बघते मी. रोजगार कार्यालयाची पायरी चढायची म्हणजे घराण्याचं नाक कापलं गेल्यासारखं करतात.

परत जावं लागेल का? लगेच नाही. नवीन नोकरी शोधायला काही महिने साधारणपणे देतात. ब्ल्यू कार्डाला बारा महिने होऊन गेल्यामुळे नोकरी बदलायला आधी परवानगीही लागत नाही, पगार मर्यादेत बसला पाहिजे एवढंच. 2025 साठी ती 48,300 युरो होती, आयटीसारख्या टंचाईच्या क्षेत्रात 43,759.80.

आणि ही गोष्ट सांगताना मला जरा राग येतोय, तुमच्यावर नाही, तुमच्या ऑफिसातल्या कोणीही हे तुम्हाला सांगितलं नाही यावर. ब्ल्यू कार्डवर 27 महिने काम आणि पेन्शनची वर्गणी झाली की ए-वन भाषेवर कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. बी-वन असेल तर 21 महिन्यांत. ए-वन म्हणजे दुकानात पाव मागता येणं आणि आपलं नाव-गाव सांगता येणं. तो परवाना खिशात असता तर आज नोकरी गेली असती, झोप गेली नसती. नव्या नोकरीचा परीक्षाकाळ संपायच्या आत ए-वनची परीक्षा देऊन टाका आणि लगेच अर्ज करा.

नोकरी शोधताना एक ध्यानात ठेवा. इंग्रजीवर चालणाऱ्या बर्लिनच्या कंपन्यांत तुमच्यासारखे शेकडो अर्ज करतात. विमा कंपन्या, बँका, रुग्णालयांची सॉफ्टवेअर, महापालिकांची कामं, इथे माणसं हवी असतात, पण तिथल्या बैठका जर्मनमध्ये होतात. पुढचं वर्ष कुठे घालवायचं ते यावरून ठरवा.

प्रश्न : माझं एम.कॉम. कोल्हापूरला झालं, तिथेच सहकारी बँकेत पाच वर्षं काम केलं. नवऱ्याच्या ब्ल्यू कार्डवर दोन वर्षांपूर्वी एशबोर्नला आले. मुलगी आता कीटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, जाते. मला काहीच बोलता येत नाही. फोन वाजला की उचलत नाही. इथे मला कोण काम देणार? — 'एक गृहिणी', एशबोर्न

उत्तर : अगं, 'एक गृहिणी' काय, नाव लिहायचंस, आम्ही छापलं नसतं.

तुला काम करायची पूर्ण परवानगी आहे, तुझ्या कार्डावर तसं लिहिलेलं असेल, काढून बघ. ब्ल्यू कार्डवाल्याच्या जोडीदाराला यायलाही भाषेची परीक्षा लागत नाही. ही सवलत चांगली आहे, पण तिच्यामुळेच तुझ्यासारख्या शिकलेल्या बायका एक अक्षर न शिकता विमानात बसतात.

मुलगी कीटात असते तो वेळ तुझा. फोक्सहोखशूलं हे गावागावात असलेलं लोकशिक्षण केंद्र, तिथे सकाळचे वर्ग असतात. पातळीची चाचणी देऊन नाव घाल. ऑनलाइन नको, घरातून बाहेर पड. वर्गात सीरियाची, युक्रेनची, ब्राझीलची बाई भेटेल. तिच्याशी बोलायला इंग्रजी चालणार नाही, म्हणून जर्मन बोलशील. आम्ही एस्लिंगेनला तशाच शिकलो.

फोनचं भय सगळ्यांनाच असतं, कारण समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. डॉक्टरकडची वेळ बहुतेक ठिकाणी ईमेलने किंवा संकेतस्थळावरून घेता येते, तशी घे. कीटाच्या पालकसभेला मात्र नवऱ्याला पाठवू नकोस, स्वतः जा. पहिल्या दोनदा काही कळणार नाही. तिथल्या आया तुला ओळखायला लागतील आणि मुलीला वाढदिवसाची बोलावणी येतील, तेवढं पुष्कळ आहे.

कामाचं म्हणशील तर बँकेच्या काउंटरवर आत्ता नाही. पण हिशेबनिसाच्या कामात दिवसभरात बोलणं कमी आणि कागद जास्त. जर्मनीतले कर सल्लागार बहुतांशी डाटेव्ह नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, आणि गंमत म्हणजे ती कंपनीसुद्धा सहकारी संस्था आहे, न्युर्नबर्गची. बी-वन झालं की डाटेव्हचा कोर्स कर. रोजगार कार्यालयात जाऊन कोर्सचा खर्च मिळतो का ते विचार, सल्ला फुकट असतो. तोवर एखादी मिनीजॉब धर, महिन्याला 556 युरोपर्यंतची (ही 2025 ची मर्यादा), शाळेच्या खानावळीत किंवा बेकरीत. पैशासाठी नाही, कानांवर भाषा पडावी म्हणून. पुढे पूर्ण नोकरी लागली तर नवऱ्याबरोबर बसून करवर्ग बघा. तीन-पाच ठेवलंत, म्हणजे त्याला तिसरा वर्ग आणि तुला पाचवा, तर तुझा कर महिन्याला जास्त कापतात आणि तुझ्या हातात येणारा पगार इतका लहान दिसतो की 'एवढ्यासाठी कशाला' असं घरात कोणीतरी म्हणतंच. दोघंही चौथा वर्ग, चार-चार, घ्या. वर्षाचा कर शेवटी सारखाच होतो, पण तुझा पगार तुझ्या पगारासारखा दिसतो. पुढे बेरोजगार भत्ता किंवा बाळंतपणाचा भत्ताही त्या निव्वळ पगारावरच मोजतात.

प्रश्न : पत्रपेटीत सतत सरकारी पत्रं येतात. मी मोबाइलने भाषांतर करून बघतो. पुरतं का? — नि. कु., उल्म

उत्तर : काय आहे ते कळायला पुरतं. उत्तर द्यायला नाही. पत्रात तारीख आणि 'फ्रिस्ट' हा शब्द आधी शोधा, ती मुदत असते. सरकारी निर्णयाविरुद्ध हरकत घ्यायला साधारण एक महिना मिळतो, आणि सुट्टीवर भारतात गेलो होतो हे कारण दरवेळी चालतंच असं नाही. कारिटास, डियाकोनी, आवो, रेड क्रॉस या सेवाभावी संस्थांची परदेशातून आलेल्यांसाठी मोफत सल्ला केंद्रं असतात, पत्र घेऊन तिथे जा. दर महिन्याला 18.36 युरो मागणारं पत्र असेल तर ते फसवणुकीचं नाही. ती रेडिओ-टीव्हीची वर्गणी आहे, घरात टीव्ही नसला तरी भरावी लागते, घरटी एक. आणि पेटीवर तुमचं नाव नीट चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि मुदत तिकडे संपते.

प्रश्न : श्टुटगार्टला नवीन घर भाड्याने घेतलंय. सकाळी दाराच्या मुठीला 'केरवोखं' लिहिलेली पाटी लटकलेली होती. शेजारच्या आजींना विचारावं तर भाषा येत नाही. घरमालक रागावलाय का? — प्र. दे., श्टुटगार्ट

उत्तर : कोणी रागावलेलं नाही. या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी तुमची आहे, श्वाबेनमधला, म्हणजे श्टुटगार्टच्या या भागातला, जुना रिवाज. मजल्यावरचा जिना, खालचा दरवाजा, कधी कधी समोरचा फुटपाथ, आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ. नक्की काय काय ते भाडेकराराला जोडलेल्या घरनियमांत असतं. शनिवारी दुपारपर्यंत उरका, रविवारी बादली वाजवू नका. झाल्यावर पाटी पुढच्या दाराला लावा. आजी भेटल्या तर 'ग्र्युस गॉट' म्हणा, बाकीचं त्याच बोलतील.